परबांनी निवडलेली शेगडी

विश्राम परबांशी बोलायचं म्हणजे एक गोष्ट सोसावी लागायची. आपण काहीतरी सांगत असायचो आणि मध्येच त्यांची नजर आपल्या खांद्यावरून मागे जायची. मागे कुठेतरी धूर दिसलेला असायचा. बेकरीचं धुराडं असो, रस्त्यावर तापत ठेवलेलं डांबराचं पिंप असो, नाहीतर कोणी कचऱ्याला लावलेली काडी असो, परब बोलणं तिथेच सोडून त्या धुराकडे बघत राहायचे. मग हळूच म्हणायचे, "ओलं लाकूड." किंवा, "हवा कमी पडतेय त्याला." तेवढं झालं की पुन्हा माझ्याकडे वळून, "हां गायकवाड, काय म्हणत होतास?"

घाटकोपरला कापड रंगवायचा एक कारखाना होता. मी तिथे स्टोअर्समध्ये कारकून होतो आणि परब बॉयलरवर. ते फायरमन म्हणून लागले, पुढे परीक्षा देऊन बॉयलर अटेंडंट झाले, पण कारखान्यात त्यांना शेवटपर्यंत परब फायरमनच म्हणायचे. त्यांनाही तेच आवडायचं. "अटेंडंट म्हटलं की दवाखान्यातला वाटतो रे," असं त्यांचं म्हणणं. कुडाळकडचा माणूस. अंगाने काटकुळा, डाव्या भुवईचे केस कधीतरी झळीने जळालेले ते पुन्हा उगवलेच नव्हते, त्यामुळे चेहरा सदा काहीतरी विचारत असल्यासारखा दिसायचा. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते पस्तिशीचे असतील, पण तेव्हाही थकलेलेच वाटले. कुठेही गेले की आधी बसायला जागा शोधायचे. आपणही उभे असलो तर हात धरून बसवायचे. "बस रे. उभं राहून कोणाचं भलं झालंय?"

आमचा बॉयलर जुना होता. कोळसा, लाकूड, मिळेल ते जाळायचा. परबांच्या आधीचा माणूस त्याच्यात नुसतं कोंबायचा. परब कोंबत नसत. थोडं थोडं, पसरून, दर काही मिनिटांनी. दार उघडायचं, दोन फावडी, दार बंद. मी एकदा म्हणालो, "एकदमच भरून टाका ना, मग निवांत बसा." ते म्हणाले, "तू तीन दिवसांचं जेवण एकदम जेवतोस काय?" आणि मग मालवणीत, स्वतःशीच म्हटल्यासारखं, "आग लावक कोणाकय येता. पोसूक येवक व्हया."

एकदा दिवाळीच्या आधी कामाची गर्दी होती आणि वाफ कमी पडत होती. नवे मॅनेजर आले होते, तरुण, तापट. बॉयलरचा दाब वाढला की सेफ्टी व्हॉल्व आपोआप उघडून जास्तीची वाफ बाहेर सोडतो. मॅनेजरसाहेबांना ते वाफ फुकट जाणं दिसलं. त्यांनी हुकूम सोडला की त्या व्हॉल्ववर वजन बांधा, म्हणजे उघडणार नाही. परबांनी ऐकून घेतलं. वाद घातला नाही. भट्टीतली आग खाली ओढून काढली, धुराड्याचा डँपर, म्हणजे हवेची झडप, बंद केला, हात धुतले आणि बॉयलर हाऊसच्या बाहेर पायरीवर डबा उघडून बसले.

मॅनेजर धावत आले. "परब, ये क्या है? मशीन बंद पडल्या सगळ्या!"

"आज सुट्टी आहे साहेब."

"कसली सुट्टी?"

"बॉयलरची." परबांनी घावन्याचा तुकडा मोडला. "त्याला आज बरं नाही. उद्या बॉयलरच्या इन्स्पेक्टरला बोलवा, त्यांना विचारून वजन बांधा. माझ्या हाताने नाही."

आम्ही सगळे खिडक्यांतून बघत होतो. मॅनेजरांनी नोकरीवरून काढायची धमकी दिली. परब जेवत राहिले. दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्टरला कोणी बोलावलं नाही, वजनाचा विषयही कोणी काढला नाही. पण त्या दुपारी मी डबा घेऊन त्यांच्या शेजारी जाऊन बसलो होतो, तेव्हा त्यांनी उरलेला घावना माझ्या डब्यात टाकला. म्हणाले, "घाबरलो रे. घरी काय सांगितलं असतं?"

पुढे बॉयलर गॅसवर आला, मग कारखानाच बंद झाला. आता तिथे टॉवर आहेत. आम्ही दोघंही मुलुंड पूर्वेला एकाच बिल्डिंगमध्ये राहत होतो, मी दुसऱ्या मजल्यावर, ते तिसऱ्या. त्यांची बायको शालिनीवहिनी गेलेल्या. एकुलती मुलगी नंदा अंधेरीच्या एका हॉटेलात रिसेप्शनला होती. तिथल्या किचनमध्ये दीपक नावाचा हिमाचलचा मुलगा होता, त्याच्याशी तिने लग्न केलं. दीपकचे वडील वारले तेव्हा घर आणि सफरचंदाची बाग बघायला कोणी नव्हतं, म्हणून दोघं कुल्लूच्या वरच्या अंगाला त्याच्या गावी राहायला गेली. तिथे दीपकची आई होती. नंतर मनू झाला.

परब एकटे राहिले. संध्याकाळी चहाला आमच्याकडे यायचे. आले की बोलत बोलत किचनमध्ये जायचे आणि गॅसची ज्योत बारीक करायचे. "पातेल्याच्या बाहेर जाळ जातोय वहिनी, तो कोणासाठी?" माझी बायको कल्पना फटकळ. ती म्हणायची, "परबभाऊ, चहा हवा असेल तर माझ्या गॅसला हात लावायचा नाही." ते हात मागे घ्यायचे, पण नजर ज्योतीवरच असायची.

ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला बसलो ती एका जानेवारीत सुरू झाली. सकाळी परब आमच्या दारात उभे. हातात मोबाइल, चेहरा पांढरा. बसले नाहीत. मला तेव्हाच कळलं की काहीतरी झालंय.

नंदाचा फोन आला होता. तिकडे खोली उबदार ठेवायला पातळ पत्र्याची लाकडाची शेगडी असते, तिला ती माणसं तंदूर म्हणतात. रोटीचा तंदूर नाही. खोलीच्या मधोमध ठेवायची पेटी, वर नळी, ती छपरातून बाहेर. नंदाकडचा तंदूर धूर मारायला लागला होता, म्हणून सासूने तो विझवला आणि लोखंडी घमेल्यात निखारे भरून आत आणले. दारं-खिडक्या घट्ट लावल्या. पहाटे नंदाला मनूच्या रडण्याने जाग आली. डोकं फुटत होतं, उठायला गेली तर पाय चालेनात. कसंबसं रांगत जाऊन तिने दार उघडलं. मनूला उलट्या होत होत्या. सासू हलवूनही उठेना. दीपक बागेच्या कामासाठी खाली तालुक्याला थांबलेला. शेजारी धावले, म्हातारीला बाहेर बर्फात आणून झोपवलं तेव्हा तासाभराने तिने डोळे उघडले.

"आता बरी आहेत ना सगळी?" कल्पनाने विचारलं.

"बरी आहेत." मग परब बसले. "धूर दिसतो तरी वहिनी. डोळे चुरचुरतात, माणूस उठतो. निखाऱ्यांतून जो वायू येतो तो दिसत नाही, त्याला वास नाही. झोपेतच माणूस जातो. आणि ही माझी पोर. माझी. मी तिला हे कधी सांगितलं नाही. मुंबईत कशाला सांगायचं?"

त्या दिवसापासून परबांनी मुलुंडच्या उकाड्यात बसून डोंगरातल्या घरासाठी शेगडी निवडायला घेतली. बिल्डिंगमध्ये चेष्टा झाली. "काय परबकाका, हीटर लावताय का? एसी लावा, एसी!" ते नुसते हसायचे.

त्यांना इंग्रजी वाचता यायचं नाही फारसं, म्हणून माहितीपत्रकं मी वाचायचो. माझं काम तेवढंच. नंदाला फोन लावून ते एकेक विचारायचे आणि वहीत लिहायचे. मला वाटलं होतं आधी शेगडीचं विचारतील. पहिला प्रश्न होता, "बाय, घराक भोकां किती आसत?"

"भोकं?"

"दाराखालून बोट जातं का? खिडकीच्या चौकटीतून वारा येतो? छपराला आतून फळ्या आहेत का? उदबत्ती लाव आणि सगळीकडे फिरव. धूर जिथे हलेल तिथे खूण कर."

नंदाने उदबत्ती फिरवली. सतरा खुणा झाल्या. परब म्हणाले, "आधी हे बुजवा. फुटक्या बादलीत पाणी भरण्यात अर्थ नाही, नळ केवढाही मोठा घेतला तरी." दीपकने माती, कापूस, फळ्या घेऊन आठवडाभर ते बुजवलं.

लाकडाचंही तसंच. कोणतं झाड, कधी तोडलं, कुठे ठेवलंय. नंदाने फोनवरून लाकडाची रास दाखवली. उघड्यावर, बर्फाखाली. परबांनी कपाळाला हात लावला. "अगो, हे लाकूड जळत नाही, उकळतं. अर्धा जाळ त्याचं पाणी सुकवण्यात जातो. वर पत्रा घाल, बाजू मोकळ्या ठेव, वारा लागू दे. या वर्षीचं पुढच्या वर्षी जाळायचं."

मग शेगडीवरून जावयाशी वाजलं. दीपकला बाजारात बघितलेली मोठी बिडाची शेगडी घ्यायची होती. गावात दोनच घरांत तसली होती. परबांनी साफ नको म्हटलं. स्पीकरवर मी दोघांचंही ऐकत होतो.

"खोली केवढी? बारा बाय चौदा. त्याच्यात एवढी मोठी पेटवलीस तर तासाभरात तुम्ही शर्ट काढून बसाल. मग काय कराल? तिची हवा बंद कराल. हवा बंद केली की ती धुमसणार. धुमसली की नळीत आतून डांबर धरतं, आणि एक दिवस ते डांबर नळीतच पेट घेतं. छप्पर लाकडाचं आहे तुझं. लहान घे, आणि मोकळी जाळ."

दीपकला अंधेरीत राहून मराठी बऱ्यापैकी येत होतं. तो शांतपणे म्हणाला, "पप्पा, तुम्ही मुंबईत बसून बोलता. इथली थंडी तुम्ही बघितली नाय. इथे पाणी बादलीत गोठतं. तुम्हाला थंडी काय माहीत?"

फोन ठेवल्यावर परब पंख्याकडे बघत होते. "बरोबर बोलला तो," म्हणाले. "मी आयुष्यभर उष्णतेत राहिलो. थंडी मला काय ठाऊक?"

त्यांच्या मनात एक शेगडी भरलेली होती. दिल्लीचा कोणी व्यापारी बाहेरून आणवायचा. लहानशी, जाड, समोर काचेचं दार. तिच्यात हवा दोनदा जायची, खालून एकदा, वरून एकदा, आणि वरची हवा लाकडातून निघालेला धूरच जाळायची. मोबाइलवर तिचा व्हिडिओ ते पुन्हा पुन्हा लावायचे. "बघ गायकवाड, धूर जाळतेय! धूर म्हणजे न जळलेलं लाकूडच असतं, आम्ही तो आयुष्यभर आभाळात सोडला." पत्रकात तिची कार्यक्षमता मोठ्या अक्षरात छापली होती. मी टक्के वाचून दाखवले तर मात्र तोंड वाकडं केलं. "हे टक्के त्यांच्या लाकडावर काढलेत. नंदाच्या लाकडावर किती?" तरीही मन तिच्यावरच होतं.

आमच्या कारखान्यातला साळवी भांडुपला एका कोल्ड स्टोरेजमध्ये सुपरवायझर होता. परबांनी त्याला फोन केला आणि एका दुपारी मला घेऊन गेले. बाहेर रस्ता तापलेला. साळवीने मोठं दार उघडलं, परबांनी माझा जुना स्वेटर घातला, वही-पेन्सिल घेतली आणि आत एका खोक्यावर जाऊन बसले. "दहा मिनिटं. आधी उघडू नको." मी दारातल्या लहान काचेतून बघत होतो. सुरुवातीला ते वहीत काहीतरी लिहीत होते. मग लिहिणं थांबलं. पेन्सिल पडली. ती उचलायला वाकले, दोनदा प्रयत्न केला, बोटांत धरता येईना. नंतर हात काखेत घालून नुसते बसून राहिले.

बाहेर आल्यावर साळवीने चहा दिला. ग्लास दोन्ही हातांत धरला तरी चहा सांडत होता. तो अर्धा पिऊन त्यांनी तिथूनच नंदाला फोन लावला.

"बाय, लाकूड कोण फोडतं तुमच्याकडे?"

"मी फोडते. कधी दीपक असला तर तो. का?"

"सकाळी?"

"सकाळीच. रात्रीचं संपलेलं असतं ना."

"हातात काय घालतेस?"

"हातमोज्यात कुऱ्हाड घसरते बाबा. तशीच फोडते."

परबांनी फोन ठेवला. मग म्हणाले, "त्या काचेच्या शेगडीत वीतभर लांबीचे बारीक तुकडेच मावतात. म्हणजे आता एकाचे चार करते, तिथे आठ करावे लागतील. या बोटांनी." स्वतःचे हात बघत होते. "एवढी वर्षं फायरमन होतो रे मी. शेगडीचा विचार केला, लाकडाचा केला, नळीचा केला. फायरमनचा केला नाही."

परत येताना रिक्षात त्यांनी शालिनीवहिनींचं सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. लग्नानंतर चौदा वर्षं वहिनी गावीच होत्या. सासू-सासरे, दीर, गडी, सगळ्यांचा स्वयंपाक चुलीवर. परब वर्षातून एकदा गणपतीला जायचे. मुलुंडला जागा झाल्यावर वहिनींना आणलं तेव्हा खोकला बरोबर आला होता. पुढे फुप्फुसं पार गेली. डॉक्टरांनी फोटो बघून विचारलं, या कुठल्या भट्टीवर कामाला होत्या का?

"मी म्हटलं, नाही डॉक्टर, भट्टीवर मी होतो." रिक्षाच्या बाहेर बघत परब बोलत होते. "कंपनीची चिमणी मी दर सहा महिन्यांनी आतून खरवडायचो. एवढं तोंड काळं करून. आणि माझ्या घरात चिमणी नव्हतीच. कौलाचे चार नळे काढून एक पत्र्याची नळी बसवायची, अर्ध्या दिवसाचं काम. दर गणपतीला ती माझ्यासमोर डोळे पुसत भाकरी थापायची. मला वाटायचं, मी आलोय म्हणून रडते."

काचेच्या शेगडीचं नाव त्यांनी पुन्हा घेतलं नाही. शेवटी मधल्या मापाची बघायचं ठरलं. जाड पत्र्याची, आतून विटा लावलेली, हातभर लांबीचं लाकूड जाईल अशी. आणि वरचा भाग सपाट, कारण नंदाच्या सासूची तेवढी एकच अट होती, की शेगडीवर रोटी भाजता आली पाहिजे. परबांनी ती लगेच मान्य केली. "तिने एकटीने कामाचं विचारलंय," म्हणाले.

नंदा तालुक्याच्या बाजारात दुकानात गेली आणि व्हिडिओ कॉल लावला. आमच्या हॉलमध्ये मी, कल्पना आणि परब. परब म्हणाले, "एक कागद घे. शेगडीच्या दारात धर, दार लाव, आणि कागद ओढ."

पहिल्या शेगडीत कागद सरळ बाहेर आला. दुसरीतही. दुकानदार मागून हसत होता, "मॅडम, शेगडी लेनी है कि चिट्ठी डालनी है?" तिसरीतही कागद आला. चौथीचं दार लावायला नंदाला जोर करावा लागला. तिने कागद ओढला आणि तो टर्रकन फाटला. अर्धा तुकडा तिच्या हातात.

"फाटला! फाटला बाबा!"

"हीच घे!" परब उभे राहून ओरडले. एवढ्या मोठ्याने बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. लगेच खोकल्याची उबळ आली आणि ते खाली बसले. कल्पना पाणी घेऊन धावली.

तो खोकला आम्ही बरेच महिने ऐकत होतो. ते म्हणायचे, बिल्डिंगच्या समोर बांधकाम चाललंय, त्याची धूळ आहे. पण धूळ कारखान्यातली होती, चाळीस वर्षांची. डॉक्टरांनी उंचावर जायला स्पष्ट मनाई केली.

आणि नेमकं तेव्हाच एक गोष्ट फोनवरून होईना. परबांचं म्हणणं होतं की घराची सगळी भोकं बुजवली, आता शेगडीजवळच्या भिंतीला एक भोक पाडायचं. आग हवा खाते. घट्ट घरात ती हवा कुठून आणणार? मग नळीतूनच उलटी ओढणार, आणि धूर खोलीत. नंदाला पटलं. दीपकला अर्धं पटलं. सासूला अजिबात नाही. आधी सतरा भोकं बुजवायला लावली आणि आता हा माणूस नवीन भोक पाडायला सांगतोय! तिने दीपकला भिंतीला हात लावू दिला नाही.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला परब तिकडे जायला निघाले. कल्पनाने आणि मी, दोघांनीही अडवलं. "मागच्या वेळी मी वर्षातून एकदा जायचो, आणि बघून परत यायचो," एवढंच म्हणाले.

तिथे काय झालं ते नंदा फोनवर सांगायची, हसत आणि वैतागत. पोचल्यावर दोन दिवस बाबा झोपूनच होते, दम लागत होता. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः बसल्या बसल्या छिन्नीने भिंतीला भोक पाडलं. सासूने त्यात चिंधी कोंबली. बाबांनी काढली. तिने पुन्हा कोंबली. दोघं एकमेकांशी बोलत नव्हती, आणि बोलली असती तरी भाषा कळत नव्हती. दोन दिवस हेच चाललं. शेवटी बाबा त्या भोकाजवळ जमिनीवर जाऊन बसले, पाय पसरले आणि तिथेच थोडा वेळ राहिले. मग उठून दीपकला म्हणाले, "तुझी आई बरोबर आहे. इथे बसलं की पाय गोठतात. आणि ती रोज इथेच बसते." त्यांनी पत्र्याची नळी आणवली आणि भोकापासून फळ्यांखालून थेट शेगडीच्या तोंडापर्यंत नेली. बाहेरची हवा खोलीत न येता सरळ आगीला. त्या संध्याकाळी शेगडी पेटली. धूर आत आला नाही. सासूने वर हात धरून बघितलं, मग पहिली रोटी भाजली ती बाबांच्या ताटात टाकली.

पंधरा दिवसांनी परब आले ते ओळखू येणार नाहीत असे. जिना चढायला प्रत्येक मजल्यावर थांबले. पण मला फोनमधला फोटो दाखवला. घराच्या छपरावरची नळी, मागे बर्फाचा डोंगर. मी म्हणालो, "शेगडी पेटलेली नाहीये का? धूर कुठाय?"

"पेटलेली आहे," म्हणाले.

त्या हिवाळ्यात मनूला एकदाही दवाखान्यात न्यावं लागलं नाही. मार्चमध्ये नंदाने फोनवर सांगितलं की लाकडाची अर्धी रास शिल्लक आहे. परब तेव्हा मुलुंडच्या इस्पितळात होते, नाकाला ऑक्सिजनची नळी. ऐकून त्यांनी मान हलवली. "फोडायला किती वेळ लागतो आता?"

"लागतो बाबा. पण कमी."

"किती कमी?"

"निम्मा."

खरं होतं की त्यांच्यासाठी म्हटलेलं होतं, मला माहीत नाही. परबांनीही पुढे विचारलं नाही.

इस्पितळातून घरी सोडलं तेव्हा डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन जे सांगायचं ते सांगितलं. नंदा आणि दीपक आले. परबांनी एकच मागणं मागितलं, मला तिकडे न्या. उंचीचं काय, मी म्हणालो. ते म्हणाले, "इथे तरी कुठे श्वास पुरतोय?" दीपकने ऑक्सिजनचं यंत्र घेतलं, वाटेत कुठे थांबायचं ते ठरवलं. ज्याच्याशी शेगडीवरून भांडले त्याच जावयाने त्यांना पाठीवर घेऊन तीन जिने उतरवले.

परब तिथे आणखी सात महिने राहिले. डिसेंबरात गेले. नंदा म्हणाली, शेवटचे दोन महिने ते खोलीतच असायचे, सासूच्या शेजारी. दोघं एकमेकांच्या भाषेत बोलायचे आणि दोघांनाही सगळं कळल्यासारखं वाटायचं. गेले त्या सकाळी त्यांनी मनूला जवळ बसवून राख कशी काढायची ते दाखवलं होतं. सगळी काढायची नाही, खाली बोटभर ठेवायची.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते मात्र मुलुंडला, मे महिन्यात. गेटवर टॅक्सी उभी होती. दीपकने त्यांना मागच्या सीटवर नीट बसवलं. नंदा सामान डिकीत ठेवत होती. कल्पनाने डब्यात घावने दिले होते, ते त्यांच्या मांडीवर ठेवले. बिल्डिंगमधली माणसं खाली आली होती. मी काय बोलायचं ते जिन्यात ठरवलं होतं. खिडकीशी वाकलो आणि हाक मारली, "परब."

त्यांनी ऐकलं नाही. टॅक्सी सुरू व्हायच्या आधीच त्यांना झोप लागली होती. मान सीटवर मागे टेकलेली, तोंड किंचित उघडं, दोन्ही हात डब्यावर. नंदा म्हणाली, "उठवू का काका?"

मी नको म्हटलं.